त्या बंदुकीची पोचपावती

अण्णा, तुमचं म्हणणं मान्य. घ्या, म्हटलं एकदाचं. तीन उन्हाळे तुम्ही माझ्या तोंडून हे वदवून घ्यायला बघत होतात आणि मी काही बधले नाही. आता कबूल करतेय तर समोरची खुर्ची रिकामी. हे काही बरं नाही केलंत. वाद अर्धा टाकून उठायचं नाही हा नियम तुमचा, आणि मोडलात तोही तुम्हीच.

तीन आठवडे झाले. तुमचा अनिरुद्ध तुमच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलाय. ईराची शाळा आणि माझी संपलेली रजा, म्हणून आम्ही दोघी मायलेकी इथेच, जर्मनीत, रेगेन्सबर्गला. खरं सांगू? आता रडूही येत नाही. नुसती दमले आहे. वडिलांच्या अस्थी देशाबाहेर न्यायला किती कागद लागतात, हे बघायला तुम्ही हवे होतात. या आम्टातून त्या आम्टात, या कचेरीतून त्या कचेरीत, प्रत्येक कागदावर दुसऱ्या कागदाचा नंबर. अनिरुद्धचा जीव मेटाकुटीला आला. तुम्ही असतात तर चष्मा पुसून एकेक शिक्का वाचत बसला असतात, मजेत.

त्यातल्या मुख्य कागदावर, तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर, वेळ आहे दुपारी अडीच. ती मी दिलेली. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं जिवंत कधी पाहिलंत? मी म्हटलं, साधारण अडीचला, कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले तेव्हा. 'साधारण' हा शब्द काही त्यांनी लिहिला नाही. आणि खरं म्हणजे मी तुमच्याकडे पाहिलंच नव्हतं, अण्णा. कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन, "चहा ठेवते हं दहा मिनिटांत," असं म्हणत तुमच्या खुर्चीमागून गेले. तुम्ही हूं म्हणालात की नाही, आठवत नाही. परत आले तेव्हा तुम्ही खुर्चीतच गेला होतात. शनिवार होता, डोक्यात शंभर कामं. आता त्या अंदाजावर शिक्का बसलाय आणि सगळ्या कचेऱ्यांमध्ये तोच खरा आहे.

तर, ती बंदूक.

सासूबाई गेल्यानंतरचा पहिला उन्हाळा. तीन महिन्यांचा व्हिसा काढून तुम्हाला इकडे आणलं. तुम्ही आपले टीव्हीसमोर बसायचात, भाषेचा गंध नाही तरी. एका रविवारी त्या अमेरिकन अध्यक्षांच्या खुनावरचा माहितीपट लागला, उघड्या गाडीतून जाताना ज्यांना गोळ्या घातल्या ते. सगळं जग त्या गाडीकडे बघतं. तुम्ही मात्र पडद्यावर जेमतेम दोन सेकंद दिसलेल्या एका कागदाशी अडलात.

"मेधा, ते काय होतं गं? कुपन होतं ना?"

कुपनच होतं. मासिकातल्या जाहिरातीचं. संशयिताने ते खोट्या नावाने भरून शिकागोच्या एका दुकानाला पाठवलं आणि बंदूक टपालाने मागवली, आपल्या पोस्ट बॉक्सवर. मी सहज सांगून गेले. पण बत्तीस वर्षं टपालखात्यात काढलेला माणूस खुर्चीत ताठ झाला.

"पोस्टाने बंदूक?"

"हो, तेव्हा तिकडे चालायचं."

"बरं. बॉक्स कोणाच्या नावावर?"

"त्याच्या खऱ्या नावावर."

"आणि पार्सल खोट्या नावाचं?"

"हो ना."

"मग बाई गं, ते त्याच्या हातात दिलं कोणी? नाव जुळत नाही म्हटल्यावर पार्सल परत जायला हवं. आमच्याकडे पोस्टकार्डसुद्धा दिलं नसतं."

झालं. त्या दिवसापासून आपल्या घरात चहाच्या वेळी तो खटला उभा राहिला तो राहिलाच. मी लायब्ररीतून जर्मन पुस्तकं आणायची, वाचून मराठीत सांगायची, आणि तुम्ही वहीत मुद्दे काढायचे. अनिरुद्धने पहिल्या आठवड्यातच हात टेकले. ईरा तुमच्या मांडीवरून म्हणायची, "आजोबा, लांगवाइलिग!" तुम्ही म्हणायचात, "कंटाळा येणारच. खऱ्याचा कंटाळाच येतो."

माझी बाजू सरळ होती. मी ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक नंबरला कागद. कुठे गाडी बिघडली तर कागद धरून उलटं चालत जायचं, की कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर काय झालं ते सापडतं. त्या बंदुकीवरही नंबर होता. दुकानाच्या दप्तरात तोच नंबर होता. कुपनवरचं अक्षर त्याचंच, असं तज्ज्ञांनी सांगितलं. आणखी काय हवं? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"नंबर सांगतो की बंदूक दुकानातून निघाली," तुम्ही म्हणायचात. "अक्षर सांगतं की मागवली कोणी. पण पोचली कोणाच्या हातात? पोचपावती दाखव."

पोचपावती नव्हती. त्या बॉक्समधून आणखी कोणाकोणाचं टपाल द्यायचं, याचा फॉर्म असतो. तोही बॉक्स बंद झाल्यावर टाकून दिलेला निघाला. हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मांडीवर अशी थाप मारलीत की ईरा दचकली. मग जाहिरातीतली बंदूक छत्तीस इंची आणि सापडलेली चाळीस इंची, हे निघालं. मी म्हटलं, अहो अण्णा, माल संपला असेल, दुसरा पाठवला, आमच्याकडेही होतं असं. तुम्ही म्हणालात, "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी तेच'. जर्मनमधला तेवढा एकच शब्द तुम्ही उचलला होतात आणि तो फक्त मी कोंडीत सापडले की काढायचात. "गेनाऊ. म्हणजे कागदावर एक आणि खोक्यात दुसरं, हे तूच म्हणतेस."

खालच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी नेमबाजी क्लबात जायचे. त्यांना आपण वर चहाला बोलावलं तो दिवस आठवतो? त्यांनी त्यांचं हिरवं बंदूक-कार्ड दाखवलं. प्रत्येक बंदूक नोंदवलेली, शिक्क्यासकट. तुम्ही ते असं हातात घेतलंत, जसा कोणी देवाचा टाक घेतो. मग मला म्हणालात, विचार त्यांना, बायकोने कपाट उघडून बंदूक घेतली तर कार्ड काय करेल? ते म्हणाले, किल्ली माझ्याकडे असते. तुम्ही म्हणालात, "हे ते सांगतायत. कार्ड सांगत नाहीये." मी भाषांतर केलं तर ते आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना तुमचा हात धरून, तुम्हाला कळत नाही हे विसरून, पाच मिनिटं काहीतरी सांगत राहिले. तुम्हीही हो, हो करत मान डोलावत होतात.

मला तुमचा रागही यायचा. कबूल करते. सासरा म्हणून आलेला माणूस, आदराने वागावं, पानात गरम वाढावं, तर हा रोज संध्याकाळी माझं अख्खं शिक्षण मोडीत काढतो. तुमचं पालुपद एकच. "कागद माणसाने लिहिलेला असतो, मेधा, हे आधी धर. मग पुढे बोल." मी म्हणायची, असं धरलं तर जगात कोणालाच शिक्षा व्हायची नाही. तुम्ही म्हणायचात, आणि नुसता कागद धरलास तर चोर सोडून संन्याशाला सुळी. यावर आपलं घोडं रोज पेंड खायचं. पण दुसऱ्या उन्हाळ्यात मी तापाने आठ दिवस पडले, तेव्हा मऊ भात आणि मेतकूट घेऊन तुम्हीच दाराशी उभे होतात. "खा. वाद बरी झाल्यावर," म्हणालात आणि ताट ठेवून गेलात. माझ्या बापाने माझ्याशी कधी वाद घातला नाही, अण्णा. मुलींशी कसला वाद घालायचा, असं त्यांचं. मला वादाला लायक समजणारे घरातले पहिले पुरुष तुम्ही. हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता मेमधल्या त्या संध्याकाळकडे येते. टाळून उपयोग नाही.

त्या दिवशी आमच्याकडे ऑडिट होतं. ऑडिटरने माझ्या फायली काढल्या, तीन तास चाळल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, दप्तर असावं तर असं. मी घरी आले ती हवेत. आणि दमलेलीही. पर्स टाकली, तुम्ही चहा करून ठेवला होतात. तुम्ही म्हणालात, "मेधा, बस. आज बंदूक नको. एक गोष्ट सांगतो."

एक पोस्टमास्तर होता, म्हणालात. छोटं गाव, लांब लांब वस्त्या. एका वस्तीवरच्या मुलीला शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, हजर व्हायचं पत्र रजिस्टरने आलं. पोस्टमन लांब वस्तीवर जायचा नाही. त्याची रीत अशी की स्टँडवरच्या दुकानात पत्र ठेवायचं, वस्तीवरचं कोणी बाजाराला आलं की नेईल, आणि पावतीवर सही आपणच ठोकायची. वर्षानुवर्षं चाललं, कोणाची तक्रार नाही. हे पत्र मात्र मुलीला मिळालं नाही. कुठे गेलं कोणास ठाऊक. तारीख उलटली. बाप तक्रार घेऊन आला, इन्स्पेक्टरने लेखी उत्तर मागवलं. पोस्टमास्तरने पावती काढली. सही मुलीच्या नावाची, पण अक्षर पोस्टमनचं. रोज बघायचा तो ते अक्षर. "तरी त्याने लिहून दिलं," तुम्ही म्हणालात, "की पत्र सही घेऊन पोचतं केलेलं आहे. मुलीची नोकरी गेली. त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं."

तुम्ही थांबलात. तुम्हाला पुढे बोलायचं होतं, तोंड उघडलं होतंत. पण माझ्या नाकावर कायम राग, आणि त्या दिवशी वरून ऑडिटरची शाबासकी चढलेली. मी म्हटलं, "हे बघा, म्हणजे दोष कागदाचा नाहीच! दोष त्या नालायक माणसाचा. डोळ्यांनी बघून खोटं लिहितो? असल्याला पेन्शन कसली देता? तुरुंगात सडवायला हवा होता."

तुम्ही कपाकडे बघत होतात. म्हणालात, "हं. बरोबर आहे तुझं."

तुम्ही मला पहिल्यांदाच बरोबर म्हणालात! मी इतकी खूश झाले की रात्रीच्या जेवणाला श्रीखंड काढलं. अनिरुद्धला सांगितलं, जिंकले एकदाची. त्यानंतर अकरा दिवस तुम्ही बंदुकीचा विषय काढला नाहीत. वही कपाटात गेली. मला वाटलं, कंटाळले असतील, वय झालं. बाराव्या दिवशी तो शनिवार.

परवा भारतातल्या एका अनोळखी नंबरवरून दोनदा मिस्ड कॉल आला. कॉलिंग कार्ड काढून उलट फोन लावला तर पलीकडे एक म्हातारा आवाज. "मी म्हादू बोलतोय, ताई. सायबांच्या हाताखाली पोस्टमन होतो. पेपरात वाचलं. नंबर सायबांनीच दिल्ता." आणि रडायलाच लागला. मी आपली नेहमीची वाक्यं बोलत होते, वय झालं होतं, झोपेत गेले, त्रास झाला नाही. तो मधेच म्हणाला, "ताई, सायबांनी सांगितलं का तुमास्नी? त्या पोरीच्या रजिस्टरचं?"

अण्णा, मी स्वयंपाकघरात होते, तिथेच जमिनीवर बसले.

मग त्याने सांगितलं ते, जे मी तुम्हाला बोलू दिलं नाही. त्याची चार लेकरं होती, बायको आजारी होती. तुम्ही त्याला आत बोलावून पावती समोर ठेवलीत आणि म्हणालात, म्हादू, ही सही तुझी. त्याने पाय धरले. तुम्ही दोन दिवस उत्तर लिहिलं नाहीत, जेवलाही नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी लिहिलंत. "माझी नोकरी राहिली, ताई. तिची राहिली न्हाई."

मी विचारलं, तिचं पुढे काय झालं? म्हणाला, "हाय की. नातवंडं हायेत. पर रानात राबली जलमभर. बाजारात दिसली की सायेब वाट बदलायचे."

आणि मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "या खेपेला निघताना मला बोलले, म्हादू, सूनबाईला सांगणार हाय समदं. ती कागदपत्रातली हाय. ती म्हनंल त्ये मला मान्य. म्हनून इचारलं. काय म्हनालात तुमी?"

मी काय सांगणार? म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. फोन ठेवून दिला. त्या म्हाताऱ्याशीही खोटं बोलले.

तीन उन्हाळे तुम्ही बंदुकीबद्दल बोलतच नव्हतात, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या देशातला, दुसऱ्याचा खून, त्यात एवढा जीव कशाला कोणी घालेल? तुम्ही तपासत होतात मला. हिच्यासमोर सांगता येईल का, ही ऐकून घेईल का. आणि ज्या संध्याकाळी धीर केलात, त्या संध्याकाळी मी तुम्हाला शिक्षा सुनावली, आणि तुम्ही ती मान खाली घालून घेतलीत. अकरा दिवस माझ्या हातचं जेवलात, ईराला शाळेतून आणलंत, आणि मनात धरून होतात की घरची सून तुम्हाला तुरुंगाच्या लायकीचा समजते. हे माझ्याच्याने सहन होत नाही, अण्णा. मला माफ करा. यापेक्षा दुसरं वाक्य मला येत नाही.

उगाच गोड बोलणार नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. त्या मुलीवर तुम्ही अन्याय केलात. चार लेकरं खरी, पण तिचं आयुष्यही खरंच होतं. हे मी तुमच्या तोंडावर बोलले असते आणि मग तुमचा चहा गार झाला म्हणून दुसरा टाकला असता. भांडले असते, पण तुरुंगबिरुंग म्हटलं नसतं. त्या बंदुकीचंही मला अजून वाटतं, ती त्यानेच मागवली आणि त्यालाच मिळाली. तरी तुमचं म्हणणं मान्य, आणि का मान्य तेही सांगते.

आमच्याकडे चार डोळ्यांचा नियम आहे. जर्मन लोकांचा लाडका. चाचणी एकाने करायची, दुसऱ्याने शेजारी उभं राहून बघायची, आणि दोघांनी सह्या करायच्या. दुसरी सही माझी असते. पहिलं वर्ष मी खरोखर उभी राहिले. मग ईराचा किंडरगार्टन सुटायची वेळ, बस, मीटिंगा. शिफ्ट संपताना गठ्ठा टेबलावर यायचा. करणारा माणूस चांगला, कधी चुकला नाही. मी सह्या ठोकायला लागले. न बघता. बघितलं म्हणून. ऑडिटरने वाखाणलेल्या फायलींत अशा सह्या पानोपानी होत्या, आणि त्याच हातांनी घरी येऊन मी तुमचा चहा प्यायले आणि त्या पोस्टमास्तरला नालायक म्हटलं. मला त्या क्षणी आठवलंही नाही हो. तेच सगळ्यात वाईट आहे. आणि हे ब्रेकचे भाग आहेत, अण्णा. माणसं बसतात त्या गाड्यांत.

काल कामावर गेल्या गेल्या आमच्या साहेबांच्या खोलीत गेले. माझ्याहून लहान आहे, बवेरियन, जरा घाबरट. सगळं सांगितलं. त्याने उठून आधी दार लावलं. चाचण्यांचे असे किती कागद असतील, विचारलं. म्हटलं, मोजता येणार नाही, दोन वर्षांतले बरेच. भाग पुन्हा तपासावे लागतील, वर कळवावं लागेल, तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, कळवा. मग तो म्हणाला, "पण आत्ताच का? ऑडिट तर पास झालंय. कोणी विचारलंही नव्हतं."

मी म्हटलं, "घरी एक जण होते, त्यांना सांगायचं होतं. ते आता नाहीत."